कॅनडाच्या कादंबरीतली म्हैस

तळणवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात तीन हजार एकशे बारा पुस्तकं होती आणि जळबा पाईकरावनं ती सगळी वाचलेली होती. काही तर दोनदा. असं जळबाच सांगायचा. त्याला खोटं पाडायचं तर आधी कुणाला तरी ती पुस्तकं वाचावी लागली असती, आणि एवढ्यासाठी एवढी तकलीफ घेणारा माणूस गावात जन्माला आला नव्हता.

जळबा चौतीस वर्षं पोस्टमन होता. गोरेगावहून थैली उचलायची आणि सायकलवर सात गावांत वाटायची. एकदा म्हणे कयाधूला असा पूर आला की सायकल पोहत पलीकडं गेली आणि जळबा तिचं हँडल धरून मागं मागं. पण थैलीतलं एक पाकीट ओलं झालं नाही. पत्ता चुकीचा असला तरी तो माणूस बरोबर शोधायचा. सगळ्या नोकरीत एक पत्र परत गेलं नाही. बाकी काही खोटं असेल, मंडळी, पण हे खरं आहे. आम्ही चौकशी केली आहे.

इंग्रजीही त्याला यायचं, पण पाकिटाच्या बाहेरचं. कुठल्याही देशातून आलेलं पाकीट असो, नाव-गाव-तालुका तो उभ्या उभ्या वाचायचा. पाकिटाच्या आतलं इंग्रजी त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि प्रामाणिक पोस्टमननं ते पाहूही नये.

ही गोष्ट त्यानं एकाच माणसापासून लपवली होती. ती म्हणजे नात, शीतल. ती लहान असताना तो वाचनालयातलं लाल पुठ्ठ्याचं एक जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर घ्यायचा, बोट फिरवायचा आणि त्यातून मगरीच्या पोटात दुकान टाकणाऱ्या वाण्याची गोष्ट ‘वाचून’ दाखवायचा. शीतल मोठी झाली, शिकली, कॅनडाला गेली, तिथं एका प्रकाशकाकडं नोकरीला लागली. तरी आबांना इंग्रजी येतं ही तिची समजूत जळबानं जपून ठेवली होती. आपल्यावर डोळे झाकून भरवसा ठेवणारं जगात एवढं एकच लेकरू, ते हातचं जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा.

आणि आषाढात तिचं खोकं आलं.

जीपच्या टपावरून ते उतरवायला चार माणसं लागली. जळबानं आधी तिकिटं पाहिली, मग अक्षर, मग दोरीची गाठ. तेवढ्यात शीतलचा फोन आला. वाचनालयात त्या वेळी पेपर वाचायला आलेला दगडोबा आणि बी-बियाण्यांच्या दुकानाचा रविंद्र असे दोघं होते, म्हणून जळबानं मुद्दाम स्पीकर लावला.

“आबा, खोकं मिळालं?”

“मिळालं. गाठ बराबर मारलेली हाय. कुनी बांधलं?”

“आमच्या मालकांनी.”

“मालक सोता खोकं बांधतो?”

“आम्ही सगळे मिळून तीन माणसं आणि एक मांजर आहोत आबा. एका लॉन्ड्रीच्या वरच्या माडीवर.”

दगडोबा पेपरामागून म्हणाला, “पोरगी सात समुंदर गेली, अन् लॉन्ड्रीच्या माडीवर बसली.”

“ऐकू आलं, दगडोबाकाका. इथं असे पुष्कळ छोटे प्रकाशक आहेत. कुणी घराच्या गॅरेजात, कुणी कोळ्यांच्या गावात. मोठे प्रकाशक ज्याला हात लावत नाहीत ते हे लोक छापतात. ज्यांचं नाव कुणी ऐकलं नाही असे लेखक शोधून काढतात. पाचशे प्रती, कधी तीनशेच.”

जळबानं डोकं खाजवलं. “म्हंजे ते मोठे प्रकाशक साखर कारखाना, अन् तुमी गुऱ्हाळ.”

पलीकडं शीतल इतकी हसली की मांजर पळाल्याचा आवाज आला. “हे मी ऑफिसात सांगते. बारा पुस्तकं आहेत, सहा गुऱ्हाळांची. त्यातलं मुखपृष्ठावर पिवळं दार असलेलं पुस्तक आमचं. लॉरीनबाईंचं. सदुसष्ट वर्षांच्या आहेत, पहिलंच पुस्तक. छापून वर्ष झालं, पण त्यांना अजून एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. रोज विचारतात. तुम्ही वाचा आबा, आणि एक पत्र पाठवा. माझ्यासाठी.”

या ठिकाणी जळबानं ‘बरं’ एवढंच म्हणायला हवं होतं. पण समोर दगडोबा बसला होता.

“एक वाचक काय मागती?” जळबा म्हणाला. “सगळं गाव वाचंल. मी अर्थ सांगतो ना.”

घरी आल्यावर बायकोनं, चतुराबाईनं, भाकरी थापता थापता विचारलं, “त्यातलं तुमाला काही येतं का?”

“अर्थ सांगायला वाचता काहून यावं लागतं? वाचणारा येगळा असतो.”

हे मात्र रीतीला धरून होतं. तळणवाडीत वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ लावतात. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागते, तिथंही तसंच. दोन्हीकडचा नियम एक: लावलेला ग्रंथ मधेच सोडायचा नाही, आणि समाप्तीला गावाला जेवू घालायचं. विहारात अर्थ सांगायचं काम अकरा वर्षं जळबाकडंच होतं. तेव्हा दर रविवारी तीन वाजता वाचनालयात लॉरीनबाईंची कादंबरी ‘लावायची’ असं ठरलं. कादंबरी अशी लावतात का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

वाचायला रविंद्र. फवारणीच्या बाटल्यांवरचं इंग्रजी तो न अडखळता वाचायचा. समजत नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेवढी लायकी पुरते.

पहिल्या रविवारी पाच माणसं आली. सगळ्यांत पुढं ऐंशी वर्षांच्या नानीबाई, शेजारी त्यांची नातसून पुनम. मागं दगडोबा, तो चूक काढायला आला होता. आणि चतुराबाई, ती काय होतंय ते पाहायला. पाचवा माणूस एसटीची वाट पाहत होता. रविंद्रनं पहिलं पान अशा आवाजात वाचलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, डोळ्यांत गेल्यास ताबडतोब पाण्यानं धुवा. मग तो थांबला. सगळ्यांनी जळबाकडं पाहिलं.

जळबानं मुखपृष्ठाकडं पाहिलं. बर्फ, पिवळं दार, दारात म्हातारी.

“तर एक म्हातारी व्हती,” तो म्हणाला. इथवर सगळं खरं होतं. “तिचं दार पिवळं व्हतं.”

“पिवळं काहून?” दगडोबानं विचारलं.

“हळदीचा धंदा व्हता तिचा.”

“बर्फात हळद?”

“म्हणून तर धंदा बसला,” जळबा म्हणाला. मंडळी, इथून पुढं त्याला मागं फिरता आलं नाही.

नानीबाईंना म्हातारीची काळजी लागली. “एवढ्या थंडीत एकटी बाई. दूधदुभतं काही?”

“म्हैस हाय की.”

“नाव काय म्हशीचं?”

“चंद्री.”

“कॅनडात चंद्री?” दगडोबा.

“हिकडूनच नेलेली हाय. पुढच्या पानात येतंय ते.”

रविंद्रनं पुढचं पान उलटून पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. तेव्हा जळबानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. ह्या पोराला इंग्रजी समजतं की काय? समजत असून मान हलवतोय? काही कळेना. जळबानं त्या दिवसापासून रविंद्रला फुकट चहा सुरू केला.

चौथ्या रविवारी चाळीस माणसं झाली. सहाव्या रविवारी खिडक्यांत माणसं बसली आणि जवळा बाजार गावाहून एक पाहुणा खास मुक्कामी आला. रविंद्र दहा-दहा पानं ओलांडून अर्धं पान वाचायचा, अर्थ पाऊण तास चालायचा. म्हातारीला एक दीर निघाला. बर्फाखाली बांध दिसत नाही याचा फायदा घेऊन तो दर हिवाळ्यात दोन हात सरकायचा. बर्फ वितळलं की म्हातारीचं शेत आखूड.

दगडोबा ताडकन उभा राहिला. “माझ्यावर बोलून राहिला का?”

“पान छप्पन्न,” जळबा म्हणाला. “पुस्तकात हाय.”

दगडोबानं पान छप्पन्न हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या शेजारच्या बांधावरची सरकवलेली दगडं गुपचूप जाग्यावर नेऊन ठेवली. एखाद्या कादंबरीनं समाजात एवढा फरक पाडल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

सातव्या रविवारी मात्र पुनमनं घात केला. तिनं फोन पानावर धरला. “आबा, ह्याच्यात आपोआप मराठी होतं.”

जळबानं पुस्तक मिटायला हात पुढं केला. फोननं क्षणभर विचार केला आणि बायकी आवाजात मोठ्यानं सांगितलं: “सरोवराने स्वतःला खाली बसविले. म्हातारी तिच्या खिडकीची शक्यता झाली आहे.”

नानीबाईंनी कान झाकले.

“बंद कर गं,” नानीबाई म्हणाल्या. “ताप आलाय त्याला. जळबा, तू सांग. पोस्टमन कुठवर आला?”

कारण आता गावाचा जीव पोस्टमनमध्ये अडकला होता. म्हातारी एका पत्राची वाट पाहत होती. पत्र निघालेलं होतं. पोस्टमन थैली घेऊन बर्फातून चालत होता, तो चार रविवार चालतच होता. लांडगे मागं लागले, नदी गोठली, नदी फुटली, सायकल पोहली. पत्रात काय आहे हे जळबानं समाप्तीसाठी राखून ठेवलं होतं. खरं म्हणजे त्यालाही अजून सुचलं नव्हतं.

समाप्ती आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरली. चार दिवस आधी शीतलचा फोन आला.

“आबा, पुनमवहिनीनं फोटो पाठवला. पासष्ट माणसं! मी लॉरीनबाईंना दाखवला तर त्या रडल्या. त्यांच्या गावात पुस्तकाचा कार्यक्रम झाला तेव्हा नऊ माणसं होती, त्यात दोन नातेवाईक. आबा, समाप्तीला त्या व्हिडिओवर येणार आहेत. मी त्यांच्या शेजारीच बसेन, बोललेलं सांगायला.”

“इथं रेंज नसती,” जळबा कसाबसा म्हणाला.

“पुनमवहिनीनं शाळेचा मोठा टीव्ही आणि इंटरनेट ठरवलंय. आबा, तुम्हाला खरंच समजलं ना पुस्तक? मला वाटायचं, जरा अवघड आहे.”

“सोपं हाय,” जळबा म्हणाला.

फोन ठेवून तो रविंद्रच्या दुकानात गेला आणि खताच्या पोत्यावर बसला. “रविंद्र, खरं सांग. पान छप्पन्नवर दीर हाय का?”

रविंद्र पांढरा पडला. “मला काय इचारता काका? अर्थ तुमच्याकडं हाय. मला वाटायचं, एवढ्याशा वळीतून तुमी एवढं खोल कसं काढता.”

“मंग मान काहून हलवायचास?”

“तुमाला वाटू नये की मला कळत न्हाई.”

“तुला काहीच कळत न्हाई?”

“मला ‘विष’ कळतं काका. तेवढा एक शब्द बाटलीवर रोज असतो. तो तर ह्या बुकात कुठंच आला न्हाई.”

जळबा पोत्यावरून उठला. घरी चतुराबाईनं एका वाक्यात निकाल दिला. “पोरीला आत्ताच फोन करून खरं सांगा. त्या बाईसमोर तिची मान खाली गेली तर मी तुमाला जेवण घालनार न्हाई.”

जळबानं फोन लावला. “आबा!” म्हणून शीतल अशी काही ओरडली, की त्याच्या तोंडचं सगळं आत गेलं. “जेवलीस का?” एवढंच तो म्हणाला. “जेवले. इथं थंडी सुरू झाली,” ती म्हणाली. मग त्यानं फोन ठेवला.

रविवार उजाडला. चुलवणावर खीर चढली. सकाळी दहा वाजता टीव्हीवर लॉरीनबाई दिसल्या. पांढरे केस, जाड स्वेटर, शेजारी शीतल. तिकडं शनिवारच्या रात्रीचे साडेनऊ झाले होते. “तिच्याकडं अजून काल चालू हाय,” असं कुणीतरी मागच्यांना समजावलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातून मांजर गेलं.

“मांजर खरं निघालं,” दगडोबा म्हणाला, आणि गावाचा सगळ्याच प्रकारावर विश्वास बसला.

लॉरीनबाईंनी हात जोडून “जय भीम, नमस्कार” म्हटलं. शीतलनं शिकवलं असणार. मग त्या काहीतरी हळू आवाजात बोलल्या. शीतल म्हणाली, “त्या विचारतात, तुम्हाला कुठला भाग आवडला?”

नानीबाई काठी टेकत उठल्या. “चंद्री व्याली ते.”

“कोण?”

“म्हैस. बर्फात व्याली, अन् दीर कंदील घेऊन आला अन् सुधारला, ते. मला रडू आलं, सांग बाईला.”

शीतलनं पडद्यातून जळबाकडं पाहिलं. जळबा फरशीकडं पाहत होता. फरशीचे चौकोन त्यानं त्या एका मिनिटात अकरा वेळा मोजले. शीतल लॉरीनबाईंकडं वळली आणि इंग्रजीत बोलू लागली. बाईंच्या भुवया वर गेल्या, त्या वरच राहिल्या.

“आबा,” शीतल म्हणाली, “त्या म्हणतात, पुस्तकात म्हैस नाहीये.”

पासष्ट माना एकदम वळल्याचा आवाज होतो, मंडळी. जळबानं तो ऐकला.

नानीबाईंनी मात्र टीव्हीकडं मायेनं पाहिलं. “बाईचं वय काय म्हणलीस?”

“सदुसष्ट.”

“व्हतंय मंग असं. मलाबी सकाळचं आठवत न्हाई.”

“म्हैस ऱ्हाऊ द्या,” दगडोबा मागून म्हणाला. तीन महिने चूक काढायला आलेला हा माणूस आता पुढं सरकला होता. “पत्राचं काय? पत्र येतं का न्हाई?”

शीतलनं विचारलं. लॉरीनबाईंनी हळूच मान हलवली. “नाही येत,” शीतल म्हणाली. “ती दार उघडं ठेवते. पुस्तक तिथंच संपतं.”

खोलीत असा गलका झाला की खिडकीतले दोघं बाहेर पडले. आणि त्या गलक्यात जळबानं पहिल्यांदाच मान वर केली.

“न्हाई येत? काहून न्हाई येत? पोस्टमन हाय का पुस्तकात?”

“आहे आबा. एका पानावर. येतो, तुझं काही नाही म्हणतो, आणि जातो.”

“असं कसं जातो? थैली उलटीसुलटी करून पाहिली का त्यानं? थैलीच्या तळाला चिकटतं कधी.” जळबा उठून टीव्हीसमोर उभा राहिला. “शीतल, बाईला सांग. मला इंग्रजी येत न्हाई. कधीच येत नव्हतं, फकस्त पत्ता वाचता येतो. म्हैस माझी, दीर माझा, हळद माझी, सगळी चूक माझी. तुझी काहीच न्हाई. पण चौतीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र ऱ्हायलं न्हाई. ही बाई दार उघडं ठेवून बसली, अन् पत्र येत न्हाई, हे मी अर्थ म्हणून सांगणार न्हाई.”

शीतलनं सांगितलं. मग लॉरीनबाई पुढं झुकून काहीतरी बोलल्या.

“त्या विचारतात,” शीतल म्हणाली, “पत्रात काय असतं?”

पासष्ट माणसं, चुलवणावरची खीर आणि एक मांजर, सगळी थांबली. जळबाला अजूनही काही सुचलेलं नव्हतं. म्हणून तो जे तोंडात आलं ते बोलला.

“नातीचं पत्र असतं. लांब गेलेली असती ती. लिहिलेलं असतं की, जेवलीस का? मी जेवले. हिकडं थंडी सुरू झाली. दार लावून घे. उन्हाळ्यात येते.”

“एवढंच?” दगडोबा म्हणाला.

“पत्रात एवढंच असतं,” जळबा म्हणाला. “बाकीचा कागद.”

शीतलनं भाषांतर सुरू केलं आणि दुसऱ्या वाक्यावर अडली. लॉरीनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बहुधा न सांगताच पोचलं. नानीबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग पुनमनं ओढणी, मग दगडोबानं तीच ओढणी मागितली.

थोड्या वेळानं शीतल नाक पुसत म्हणाली, “आबा, ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक आठवतं? मगरीच्या पोटातल्या वाण्याचं?”

“आठवतं की. लय चांगलं व्हतं.”

“सहावीत मला इंग्रजी यायला लागलं, तेव्हा ती गोष्ट स्वतः वाचायची म्हणून मी चोरून ते उघडलं. पाणी उपसायच्या इंजिनाच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं ते.”

चतुराबाईनं कपाळाला हात लावला.

“म्हंजे तुला सहावीपासून ठाऊक व्हतं?” जळबा म्हणाला. “मंग बोलली काहून न्हाई?”

“बोलले असते तर तुम्ही सांगायचं थांबवलं असतं. मग मी म्हटलं, ही गोष्ट इथं नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकात असेल. शोधू. शोधत शोधत लॉन्ड्रीच्या माडीवर आले.”

यावर जळबाला काही बोलता आलं नाही. असं त्याच्या आयुष्यात दोनदाच झालं, पहिल्यांदा लग्नात.

मग गाव खिरीला बसलं. टीव्ही पंगतीच्या टोकाला तसाच चालू ठेवला, म्हणजे बाईंना एकटं वाटायला नको. नानीबाईंनी पडद्यासमोरही एक वाटी ठेवली. जेवणं उरकल्यावर शीतलनं आठवण दिली, “आबा, पत्र राहिलं. लॉरीनबाईंना वाचकाचं पत्र. म्हैस खोटी निघाली, पण पत्र कबूल केलं होतं.”

जळबानं वाचनालयाचा कागद काढला. सगळं गाव भोवती जमलं. काय लिहायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. दगडोबानं पान छप्पन्नचा उल्लेख करायलाच लावला. मग पाकिटावर जळबानं कॅनडाचा पत्ता इंग्रजीत असा लिहिला की छापल्यासारखा, आणि आत लॉरीनबाईंना आलेलं पहिलं वाचकपत्र मराठीत, सर्वानुमते, पुढीलप्रमाणे:

“बाई, तुमचं पुस्तक फार चांगलं आहे. पान छप्पन्न विशेष. आमच्या गावातल्या पासष्ट जणांनी ते पूर्ण ऐकलं. तुम्हीसुद्धा सवड काढून एकदा नीट वाचावं.”